लिऑन्टीनची निवृत्ती

काब्री बेट, ४ नोव्हेंबर

चि. लेनॉक्स यास,

आशीर्वाद पहिल्याच ओळीत देऊन टाकते, कारण पत्र संपेपर्यंत ते शिल्लक राहतील याची खात्री नाही.

काल शेजारच्या कॉन्रॅडच्या बॅटरीवरच्या रेडिओवर तुमच्या मंत्रीसाहेबांचं भाषण ऐकलं. लिऑन्टीन वादळात आपल्या देशात एकही माणूस दगावला नाही म्हणे. आधी त्यांनी देवाचे आभार मानले, मग स्वतःच्या खात्याचे. देवाला एक वाक्य दिलं, खात्याला सात मिनिटं. शून्य मृत्यू ऐकून मला बरं वाटलं. घरात जाऊन एल्विनला ही बातमी सांगणार होते, तेवढ्यात आठवलं की त्याला पुरून सहा आठवडे झाले.

तू हवामान खात्यातला मोठा माणूस, उपसंचालक. राजधानीत बसून सगळ्या बेटांवरचं वारं मोजतोस. तरी इकडे काय झालं ते तुझ्या माहितीसाठी लिहिते. वादळात वीज गेली, दवाखान्यातला फ्रिज बंद पडला आणि तुझ्या काकाचं इन्सुलिन नासलं. धावपट्टी पाण्याखाली होती. धक्का वाहून गेला होता, म्हणून टपालबोट आली नाही. ज्या बोटीवर एल्विननं पंचवीस वर्षं तांडेलकी केली, तिनं त्याची अशी परतफेड केली. सहाव्या दिवशी मंत्रीसाहेबांची बोट मात्र आली. ती लहान होती, वाळूवर चढवता आली. तिच्यातून मंत्रीसाहेब, एक फोटोवाला आणि चारशे रेनकोट उतरले. पाऊस थांबून चार दिवस झाले होते. रेनकोट मजबूत आहेत, शेळ्यांनी खाऊन पाहिले पण जमलं नाही. अकराव्या दिवशी एल्विन गेला.

तिसऱ्या दिवशी सकाळी कॉन्रॅडच्या बिनतारी यंत्रावरून मी राजधानीला एक निरोप पाठवला होता. तो कोणाला मिळाला कळलं नाही. हवेत विरला असेल, आणि हवेतलं काय ते तुम्हालाच ठाऊक.

आता मुद्द्याचं. असं ऐकलंय की वादळांच्या नावांच्या सहा याद्या असतात आणि सहा वर्षांनी तीच यादी पुन्हा वापरतात. म्हणजे सहा वर्षांनी लिऑन्टीन परत येणार. फारच वाईट वागलेल्या वादळाचं नाव मात्र कायमचं निवृत्त करतात म्हणे. मला हिला निवृत्त करायचंय. मी पोस्टातून निवृत्त झाले तेव्हा एक अर्ज आणि दोन फोटो लागले होते. हिचा अर्ज कुठल्या खिडकीवर मिळतो ते कळव.

तुझी मावशी,
युलाली


पोर्ट मर्सिये, १५ नोव्हेंबर

ती. युलालीमावशीस साष्टांग नमस्कार.

तुझं पत्र अकरा दिवसांनी मिळालं. तू पोस्टात असतीस तर चौथ्या दिवशी मिळालं असतं, हे मी इथल्या पोस्टमास्तरांना ऐकवून आलो. त्यांनी माझ्याकडे ज्या नजरेनं पाहिलं, ती नजर तुझ्या परिचयाची असेल.

निवृत्तीचा अर्ज कुठल्याही खिडकीवर मिळत नाही. दर वसंतात या समुद्राकाठच्या सगळ्या देशांची समिती बसते. ज्या देशाला वादळाचा फटका बसला, त्याचा प्रतिनिधी उभा राहतो आणि नाव काढून टाकण्याची विनंती करतो. कारणं सांगतो. बाकीचे माना हलवतात. मग त्याच अक्षराचं एक नवं नाव यादीत घालतात आणि सगळे चहाला उठतात. यंदा आपल्यातर्फे मीच जाणार आहे.

पण तिथे पहिला प्रश्न येतो तो किती माणसं गेली याचा, आणि आपल्या अहवालात शून्य आहे. अडतीस घरांचे पत्रे, एक धक्का, एक शाळेची भिंत, एवढ्यावर समिती म्हणेल की बाई रागीट होती खरी, पण तिला घरी कशाला बसवायचं? शिवाय इथल्या हॉटेलवाल्यांना लिऑन्टीनचा विषयच नकोय. निवृत्त झालेलं वादळ लोकांच्या लक्षात राहतं, पाहुण्यांच्या तर फारच.

काकाबद्दल आमच्या खात्याची व्याख्या सांगतो, माझ्यावर रागावू नकोस. वादळापासून बहात्तर तासांच्या आत, वाऱ्यानं, पाण्यानं किंवा काही अंगावर पडून गेलेला माणूसच मोजतात. काका अकराव्या दिवशी गेला, आपल्या अंथरुणात गेला, आणि दाखल्यावर मधुमेह लिहिलंय. नियमापुढे माझं काय चालणार?

निरोपाचं म्हणशील तर त्या दिवसांत इथे शेकडो निरोप येत होते. चौकशी करतो.

तुझा,
लेनॉक्स


काब्री बेट, २ डिसेंबर

चि. लेनॉक्स,

बहात्तर तासांची व्याख्या आवडली. एल्विनला कोणी आधी सांगितली असती तर त्यानं घाई केली असती. पण तो मुळातच उशिरा येणारा माणूस. लग्नालाही दोन तास उशिरा आला होता, तेव्हाही मोजणीतून सुटता सुटता राहिला.

ओझियस गवंड्यानं एल्विनच्या थडग्याचा दगड आणून ठेवलाय. रिवाजाप्रमाणे तो बैठकीच्या खोलीत भिंतीकडे तोंड करून उभा आहे. येणाराजाणारा त्याला ठेचकाळतो आणि सॉरी म्हणतो. काम अडलंय ते एका ओळीवर. तू शहरात जाऊन विसरला असशील, म्हणून सांगते. आपल्या स्मशानात वर्ष लिहीत नाहीत. वादळात गेलेल्याच्या दगडावर वादळाचं नाव लिहितात, वर्ष सगळ्यांना ठाऊक असतं. पण ते नाव निवृत्त झालेलं असलं तरच. हा चर्चच्या पंचांचा नियम आहे, आणि तो उगाच नाही झालेला. माझ्या आईच्या वेळी फ्लेव्हिया नावाचं वादळ सहा वर्षांच्या अंतरानं दोनदा आलं. पहिल्यात एका घरातला एक भाऊ गेला, दुसऱ्यात दुसरा. दोघांच्या दगडांवर तीच ओळ. मग आधी कोण मेला आणि गलबत कोणाच्या वाट्याला, यावर नातवंडं वीस वर्षं कोर्टात उभी होती. तोवर गलबत किनाऱ्यावर कुजून गेलं.

तेव्हा लिऑन्टीन परत येणार असेल, तर एल्विनच्या दगडावर तिचं नाव घालता येत नाही. ओझियस म्हणतो, मधुमेह कोरतो, पण मग खाली तुझ्या साहेबांचा फोटोही कोरू दे.

दगड उभा राहिल्याशिवाय जेवण घालता येत नाही, आणि जेवण घातल्याशिवाय गेलेला माणूस स्वस्थ बसत नाही. परवा एल्विन स्वप्नात आला होता. विचारत होता, निरोप पोचला का? मी म्हटलं, लेनॉक्स चौकशी करतोय. तो हसला. तो कसा हसायचा तुला माहीत आहे, त्याच्याच मांडीवर बसून तू वायुभारमापक वाचायला शिकलास.

युलाली


पोर्ट मर्सिये, २० जानेवारी

ती. मावशीस,

उत्तराला उशीर झाला. पण बातमी अशी आहे की तू उशीर विसरशील. मंत्रीसाहेबांनी लिऑन्टीनला निवृत्त करायचं ठरवलंय.

त्यांचं मन कशानं द्रवलं ते ऐक. माझ्या फायलीत त्यांनी वाचलं की नाव निघालं की त्याच अक्षराचं नवं नाव सुचवता येतं. त्यांच्या मातोश्रींचं नाव लुक्रेशिया. सहा वर्षांनी बाई नव्वदीच्या होणार, तेव्हा त्यांच्या नावाचं वादळ सगळ्या समुद्रात गाजेल, यापरती भेट कोणती, असं साहेबांना वाटतं. मी हळूच म्हटलं, "साहेब, ते वादळ लोकांची घरं पाडेल, लोक त्या नावानं शिव्या देतील." साहेब म्हणाले, "आई तशीच आहे."

आता अडचण एकच उरली, ती त्या शून्याची. ज्या शून्याचे सगळ्या देशात फलक लावले, तेच आता आडवं आलंय. मेलेलं कोणी नसताना नाव कसं काढायचं? म्हणून कालच्या बैठकीत फेरमोजणी ठरली. बहात्तर तास गेले, आता नाताळपर्यंतचं सगळं धरायचं. एक अधिकारी लवकरच तुमच्याकडे फॉर्म घेऊन येईल. काकाचं नाव सगळ्यात वर लिही.

मावशी, हे कोणत्या का वाटेनं होईना, होतंय. नाव निघेल, दगड उभा राहील. फार प्रश्न विचारत बसू नकोस.

तुझा,
लेनॉक्स


काब्री बेट, ११ फेब्रुवारी

चि. लेनॉक्स,

तुमचा अधिकारी येऊन गेला. चष्मा होता, छत्री होती, आणि अकरा मेलेले घेऊनच जायचं असा निश्चय होता. कोणी सांगितलेला आकडा की त्याचा स्वतःचा, ते कळलं नाही.

पहिला एल्विन. मग नाताळच्या जेवणात तिसऱ्यांदा हॅम वाढून घेतल्यावर खुर्चीतच गेलेली शहाण्णव वर्षांची म्हातारी. तिच्यापुढे त्यानं लिहिलं, वादळाच्या धसक्यानं. मग फणसाच्या झाडावरून पडलेला एक. मी म्हटलं, साहेब, हा ऑगस्टमध्ये पडला, वादळ सप्टेंबरमध्ये आलं. त्यानं जरा विचार केला आणि लिहिलं, वादळाच्या पूर्वलक्षणांमुळे. एक तर मेलेलाच नाही. तो शेजारच्या बेटावर दुसऱ्याच्या बायकोबरोबर सुखात आहे, सगळ्यांना ठाऊक आहे. त्याच्यापुढे बेपत्ता, बहुधा मृत असं लिहून घेतलं. त्याच्या बायकोनं मोठ्या आनंदानं सही केली. असे अकरा भरले. मढ्याच्या टाळूवरचं लोणी खाणारे पाहिले होते, पण लोणी कमी पडतं म्हणून मढी गोळा करणारे पहिल्यांदाच पाहिले.

फॉर्म पंचांच्या सहीसाठी इथे ठेवून तो बोट धरायला गेला. मी त्यातली दहा नावं खोडली आणि पंचांनी त्याखाली सही केली. सोबत पाठवतेय. एकतीस वर्षं मी टपाल वाटलं. खोटं नाव घातलेलं पाकीट कधी पुढे जाऊ दिलं नाही.

तुम्ही एल्विनला आधी शून्यात लपवलंत, आता अकरांत लपवताय. त्या दहांच्या गर्दीत उभा केलास तर तोही खोटाच ठरेल. समितीपुढे उभा राहशील तेव्हा आकडा एकच सांग, एक. एवढ्यावर नाव निवृत्त होणार नसेल, तर न होऊ दे. दगड भिंतीकडे तोंड करून राहील. मला त्याची सवय झालीय, मी त्यावर चष्मा ठेवते.

आणि त्या निरोपाची चौकशी कुठवर आली? कॉन्रॅड आपल्या वहीत सगळं लिहून ठेवतो. तिसरा दिवस, सकाळी नऊ वीस, राजधानीचं हवामान खातं. निरोप मिळाला असं तिकडून कोण म्हणालं, त्याचं नावही लिहिलेलं आहे. मी ते सप्टेंबरमध्येच वाचलं. तुझ्या तोंडून ऐकावं म्हणून थांबलेय.

युलाली


समितीच्या बैठकीचं शहर, ९ एप्रिल

ती. मावशी,

दोन महिने या पत्राची पहिली ओळ जमत नव्हती. ती अशी आहे. वहीतलं नाव माझं आहे.

कॉन्रॅडचा आवाज मी ओळखला होता. एल्विनचं औषध बर्फात घालून पाठव, घाई कर, असं त्यानं दोनदा सांगितलं. मी ते कागदावर लिहून घेतलं. त्याच वेळी मंत्र्यांना दुपारी हवा असलेला अहवाल मी लिहीत होतो, तो शून्याचा. कागद उडू नये म्हणून त्यावर काकानं दिलेला जुना वायुभारमापक ठेवला. नंतर पाहू म्हटलं. दोन दिवसांनी मंत्र्यांची बोट तुमच्याकडे सुटली तेव्हा मी धक्क्यावर उभा होतो. रेनकोटांची खोकी मीच मोजून चढवली. चारशे बरोबर भरले. तिथे औषधाचा डबा ठेवायला हवी तेवढी जागा होती. निरोप मला आठवला तो बोट परत आल्यावर.

काका माझ्यामुळे गेला. बाकी सगळ्या व्याख्या मी हे एक वाक्य टाळायला लिहिल्या.

काल समितीत लिऑन्टीनचा विषय निघाला. माझ्या हातात मंत्र्यांनी दिलेला कागद होता, त्यावर अकरा टाइप केलं होतं. तू खोडलेला फॉर्म त्यांनी केराच्या टोपलीत टाकला होता, तो मी उचलून खिशात ठेवला होता. मी उठलो आणि म्हटलं, "आमच्या देशात एक माणूस गेला. एल्विन अलेक्सी, वय एकोणसत्तर, टपालबोटीचा तांडेल. आधीचं शून्य खोटं होतं, ते मी लिहिलं होतं. हातातले अकराही खोटे आहेत." समोरून एकानं सभ्यपणे विचारलं की मृत्यू वादळानं थेट झाला की नंतरच्या परिणामानं. मी म्हटलं, "निरोप आल्यावरही वादळानं त्याला आठ दिवस दिले होते. आम्ही ते वापरले नाहीत."

एक मिनिट सगळे उभे राहिले. मग चहा झाला, आणि चहानंतर ठरलं की सहानुभूती आहे, पण नुकसान मर्यादित आहे. नाव यादीत राहणार. लिऑन्टीन सहा वर्षांनी परत येणार, मावशी. अहवालात मात्र एक लिहिलं गेलं, आणि तळाला दुरुस्ती कोणी केली तेही.

लुक्रेशियाबाईंना जागा मिळाली नाही. मंत्र्यांचा फोन रात्र व्हायच्या आतच आला. माझी बदली झालीय, काब्रीच्या धावपट्टीवरचा पर्जन्यमापक रोज सकाळी वाचायला. तिथलं विमान वर्षाला चारदा उतरतं, ते मला मोजता येईल असं ते म्हणाले.

चार आठवड्यांनी येतो. दार उघडशील का?

लेनॉक्स


काब्री बेट, २८ एप्रिल

चि. लेनॉक्स,

दाराचं विचारलंस. दार सप्टेंबरपासून नाहीच, ते लिऑन्टीननं नेलं. त्या जागी मंत्रीसाहेबांचा एक रेनकोट टांगलाय. तो बाजूला कर आणि आत ये.

एल्विनला पुरल्याच्या दुसऱ्या दिवशी औषधाचा डबा आला होता. पाठवणाऱ्याचं नाव नव्हतं, बर्फाचं पाणी झालेलं होतं. पण पत्ता हातानं लिहिलेला होता, आणि तुला अक्षरं मीच गिरवायला शिकवली. तुझा ल अजून पोट पुढे काढून चालतो. तेव्हा वही वाचायच्याही आधी मला कळलं होतं. सहा महिने मी तुला टोमणे मारले, कारण रडले असते तर तू सांत्वनाचं पत्र पाठवून मोकळा झाला असतास. मला सांत्वन नको होतं, आकडा हवा होता. तो तू दिलास.

तुला माफ केलंय असं समजू नकोस. मला एल्विन रोज हवा असतो, आणि रोज तो कागद डोळ्यांपुढे येतो. माफी येईल, पण टपालबोटीसारखी येईल. धक्का अजून बांधून झालेला नाही.

तुझं पत्र मी रविवारी चर्चमध्ये वाचून दाखवलं, सगळं, रेनकोटांसकट. पंच म्हणाले, वाईट झालं, पण नाव निवृत्त नाही, नियम तो नियम. तेव्हा ओझियस उठला. तो म्हणाला, "निवृत्त कोणी करायचं, हे नियमात कुठे लिहिलंय? गेला माणूस आपला. त्यांनी चहा घेऊन ठरवलं, आपण रम घेऊन ठरवू." पंचांनी वही उघडून पाहिली, खरंच लिहिलेलं नव्हतं. मग हात वर करायला सांगितले. बेपत्ता, बहुधा मृत माणसाच्या बायकोनं दोन्ही केले. लिऑन्टीन काब्री बेटावर त्या दिवशी सव्वाअकरा वाजता निवृत्त झाली. सहा वर्षांनी रेडिओ काय म्हणायचं ते म्हणो, येणारीला आम्ही दुसरं नाव ठेवू. लुक्रेशिया रिकामंच आहे.

दगडावर ओळ कोरून झाली. एल्विन अलेक्सी, तांडेल, लिऑन्टीननं नेला. दुसरं काही नाही. तू पोचशील त्या शनिवारी दगड उभा करू. बोकड ठरलाय, मक्याच्या पिठाची उकड ढवळायला चार बायका येतायत. एल्विनचं ताट तू वाढायचंस. या वेळी त्याच्या चहात हवी तेवढी साखर घाल, आता चालते.

ओझियसला मी दगडावर खाली जागा सोडायला सांगितलीय. ती माझी. कधी तिथे एखाद्या वादळाचं नाव घालायची वेळ आली, तर बेटावरचे आकडे आता तूच पाठवणार. नीट मोज. शून्य लिहिलंस तर दगडाखालून पत्र पाठवीन. एकतीस वर्षं टपालात काढलीयत, पत्ता चुकणार नाही.

येताना दाराच्या बिजागऱ्या आण.

तुझी मावशी,
युलाली